बारा तारांची सेवा

"आता आयक. जुळली का?"

लहानूजींनी गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवून तार छेडली आणि बायकोकडे पाहिलं. कलावतीबाई काल्यासाठी लाह्या निवडत होत्या. तार सुराच्या किती खाली होती, हे कुणा लहान पोरालाही कळलं असतं.

"जुळली," त्या म्हणाल्या, आणि त्यांना कळावं म्हणून मानही हलवली.

लहानूजी समाधानानं पुढच्या खुंटीकडे वळले. कलावतीबाईंनी लाह्यांतला एक खडा उचलला आणि तो टाकायचं विसरून हातातच धरून ठेवला.

ही गिटार लहानूजींनी अठ्ठ्याहत्तर साली कलकत्त्याहून मागवली होती. जुन्या विलायती घाटाची स्वस्तातली नक्कल. मध्ये मधासारखी पिवळी, काठाकडे करवंदासारखी काळी होत गेलेली. सहा जोड्यांच्या बारा तारा. विजेवरची, भोंग्याच्या पेटीला जोडली नाही तर भरल्या देवळात ऐकूच न जाणारी. जाड तारेच्या कुशीत तिचीच एक बारीक तार, वरच्या सप्तकात बोलणारी. भिलाईच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी 'ये तो बाप के जमाने का माल है' म्हणून त्यांना हसून परत पाठवलं. लहानूजी पडेल चेहऱ्यानं कॅम्पातल्या विठोबाच्या देवळाशी येऊन बसले. हे देऊळ म्हणजे विदर्भातून आलेल्या लोकांनी पत्र्याच्या शेडात बसवलेला देव. तिथं कीर्तन करणाऱ्या मारोतबुवांनी वाद्य वाजवायला लावलं, ऐकलं, आणि नाकं मुरडणाऱ्यांना म्हणाले, "तंबोऱ्याले चार तारा, हिले बारा. देवाले अडचण नाही, मंग तुमाले कावून?"

तेव्हापासून लहानूजींची जागा बुवांच्या डाव्या हाताला. बुवा चरण संपवून श्वास घेत, टाळ थांबत, आणि त्या रिकाम्या जागेत बारा तारा देवाचं नाव धरून ठेवत. देव विटेवर कशासाठी थांबला आहे, ते त्या एका श्वासापुरतं कळल्यासारखं व्हायचं. कलावतीबाई बायकांत बसून ते ऐकत, आणि आपल्या गरीब संसाराला काहीच कमी नाही असं त्यांना वाटे.

पण लहानूजींची नोकरी भिलाईजवळ हथखोजच्या एका कारखान्याच्या शेडातली. ओतीव लोखंडाचे खडबडीत काठ हवेच्या हातोड्यानं छिलायचे, कानात कापसाचे बोळे घालून, बावीस वर्षं. कानातून आधी पाखरं गेली. मग सायकलची घंटी गेली. मग बारीक तारा. दुर्गच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की मेलेली नस पुन्हा जागी होत नाही. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर टाळ म्हणजे मोरीत पडलेली भांडी वाटू लागले. ते काढून ठेवलं.

जाड तारा अजून थोड्या समजत. बारीक तार म्हणजे बोटाला नुसती टोच. म्हणून दोन वर्षांपासून ते बायकोला विचारत. पहिल्यांदा कलावतीबाईंनी खरं सांगितलं होतं. लहानूजी खुंटी पिळत गेले, तार तुटली. दुसरी चढवली, तीही तुटली. मग गिटार मांडीवर घेऊन ते दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. जेवले नाहीत. पुढच्या वेळी कलावतीबाईंनी 'जुळली' म्हणून टाकलं. देव समजून घेईल, असं त्यांना वाटलं. देवानं घेतलंही असेल. बुवांना मात्र जड जाऊ लागलं.

काल तर सप्ताहात बुवा गाता गाता तीनदा थांबले. लोक सतरंजीकडे बघत राहिले. कीर्तन सुटल्यावर मृदंग वाजवणारा भैयालाल कलावतीबाईंजवळ आला.

"भौजी, महाराज का सूर बिगड रहा है. आप बोलो उनको. मेरे से नहीं होगा."

उद्याचा काला होऊ दे, मी पाहते, असं त्या म्हणाल्या होत्या. काय पाहणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि आज सकाळी पुन्हा तोंडातून 'जुळली' हेच निघालं.

देवळात त्या भिंतीशी बसल्या, विजेच्या बोर्डाजवळ. बुवांनी पहिला चरण घेतला, तारा वाजल्या, आणि बुवांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या चरणाला आवाज चिरकला. समोरच्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग गजर सुरू झाला, टाळांचा कल्लोळ उसळला, आणि त्या कल्लोळात कलावतीबाईंनी गिटारच्या भोंग्याच्या पेटीची पिन बोर्डातून उपसून पदराखाली घेतली.

बुवांचा गळा मोकळा झाला. सवंगड्यांनी शिदोऱ्या सोडल्या, कान्ह्यानं सगळ्यांचा एक काला केला. माणसं डोलू लागली. लहानूजी डोळे मिटून वाजवत होते. हात बरोबर ठेक्यावर पडत होता. बुवांनी चरण संपवून श्वास घेतला, टाळ थांबले, आणि त्या जागेत काहीच आलं नाही. आपण काय केलं, ते कलावतीबाईंना तेव्हा ऐकू आलं.

लहानूजींनी डोळे उघडले. शेजारच्या पेटीवरचा तांबडा दिवा विझलेला होता. त्यांची नजर वायरच्या मागोमाग सतरंजीवरून निघाली, बायकांच्या घोळक्यात शिरली आणि पदरापाशी येऊन थांबली. आता हे उठतील, असं कलावतीबाईंना वाटलं. ते उठले नाहीत. खूप वर्षांनी भेटलेल्या माणसाची ओळख पटवावी तसे बघत राहिले. मग डोळे मिटून, हंडी फुटेपर्यंत, एकही ठेका न चुकवता वाजवत राहिले.

बुवांनी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना दिसावं असं तोंड करून सांगितलं, "आज लय गोड साथ झाली, लहानूजी."

लहानूजींनी हात जोडले.

बायका पानं मांडत होत्या. ते कलावतीबाईंसमोर आले, तळहात पुढे केला. त्यांनी पदराखालून पिन काढून त्यावर ठेवली. सगळ्या बायका बघत होत्या.

"बरं केलं काढून घेतली," बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात लहानूजी म्हणाले. "लोकाईच्या पायात येऊन राहिली होती वायर."

त्यांनी वायर तळवा आणि कोपराभोवती नीट गुंडाळली. मग खांबाशी बसून, मागे पंगत उठेपर्यंत, एकेक खुंटी उलटी फिरवत, माळ्यावर ठेवायच्या वाद्याच्या कराव्यात तशा, ते तारा सैल करत राहिले. आधी जाड. मग बारीक तारा, प्रत्येक ढिली झाली की नाही ते बोटानं चाचपून.