हिरवी वडी आणि फिकट वाडगा

भांडारपाल कारखान्यातून निवृत्त झाले, पण भांडार काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झालं नाही. मागितलेली वस्तू पहिल्या मागणीत कुणालाही द्यायची नाही, हे व्रत त्यांनी नोकरीभर पाळलं आणि निरोपसमारंभात त्याबद्दल टाळ्याही घेतल्या. आता मागणारे तेच आणि नाकारणारेही तेच. घराच्या मागच्या खोलीत छोटा लेथ मांडून ते लाकडाचे वाडगे कातत असत.

ती खोली बायकोला हवी होती. तिच्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता, आणि तळमजल्यावर रिकामी करण्याजोगी तेवढीच खोली. बरीच धुसफुस झाल्यावर तह झाला. भेटवस्तूंच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी एक तरी वाडगा विकायला ठेवून घेतला तर लेथ राहील. नाही घेतला तर लेथ जाईल आणि सासूबाई येतील.

वाडगा खरंच देखणा उतरला होता. जवळजवळ दुधी रंगाचं लाकूड, त्यात हाताला जाणवतील अशी उघडी छिद्रं. तेल पाजून वाळवून झालं होतं, उरली होती चकाकी. ती आणायची म्हणजे फिरत्या कापडी चाकाला पॉलिशची वडी टेकवायची आणि मग चाकावर वाडगा धरायचा. वडी कोणती, एवढाच प्रश्न.

"काका, लाकडाला आधी ही तपकिरी, मग पांढरी, शेवटी मेण," हार्डवेअरवाला म्हणाला.

"आणि ही हिरवी?"

"ती स्टीलची. सुऱ्या-बिऱ्या चकाकवायला. स्वस्त पडते, पण..."

'स्वस्त'च्या पुढचं ऐकण्याची भांडारपालांना सवय नव्हती. "घासणं ते घासणंच. वडीला काय कळतंय समोर स्टील आहे की लाकूड?"

"वडीला नाहीच कळत," असं म्हणून त्यानं हिरवी वडी कागदात गुंडाळली. गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा, हे त्याला कळत होतं.

घरी बायकोनं वडी उलटसुलट करून पाहिली. "अहो, आधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर लावून बघा."

"त्या तुकड्यातून एक लाकडी पेन कातता येईल. चांगला माल चाचणीत घालवायचा?"

म्हणून चाचणीला आला एका मोडक्या टेबलाचा पाय. फुकटचा आणि काळाकुट्ट. हिरवी वडी त्याच्यावर अशी चालली की पाय आरशासारखा लखलखला. भांडारपालांनी तो बायकोच्या नाकासमोर धरला.

"दिसतंय का काही?"

"तुमचाच चेहरा दिसतोय," ती म्हणाली. "मी वाडग्याचं विचारत होते."

वाडगा चाकाला लागला, आणि काळ्या लाकडानं सभ्यपणे पोटात ठेवलेली गोष्ट फिकट लाकडानं जगजाहीर केली. प्रत्येक छिद्रात हिरवा चिकट गाळ जाऊन बसला. जोर लावला की निघेल, असा भांडारपालांचा हिशेब. जोर लावल्यावर तो आणखी आत गेला. मग त्यांनी वरून मेण चढवलं. म्हणजे डाग आत आणि वर झाकण. भांडारात कुठल्याही मालाचा इतका पक्का बंदोबस्त त्यांनी कधी केला नव्हता.

तरी ते दुकानात गेले. मालकीणबाईंनी वाडगा खिडकीपाशी नेला.

"बुरशी आलीय का हो याला?"

"छे! लाकडाचा अंगचाच रंग."

"हिरवा?"

"जरा कोवळं असेल."

"मग पिकल्यावर आणा," त्या म्हणाल्या आणि वाडगा भांडारपालांच्या हातात परत दिला.

घरी बायको मागच्या खोलीत पलंगासाठी भिंत मोजत होती. भांडारपाल दारात उभे राहिले. वाटेत त्यांनी दोष लाकडाला देऊन पाहिला होता, हार्डवेअरवाल्याला देऊन पाहिला होता, मालकीणबाईंच्या नजरेलाही दिला होता. एकही नीट बसला नव्हता.

"तू म्हणालीस तसं त्या तुकड्यावर आधी बघायला हवं होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

बायकोच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. लग्नापासून हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं लेथकडे पाहिलं.

"आई काही उद्याच येत नाहीये," ती म्हणाली. "अजून एक वाडगा करा. पण त्या माणसानं सांगितलेल्याच वड्या आणायच्या. तपकिरी आणि पांढरी, दोन्ही."

"आणतो ना, आत्ता आणतो." भांडारपालांनी लगबगीनं चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि थांबले. "काय गं, पांढरी आणतोच. पण तपकिरीच्या जागी ही हिरवीच आधी संपवली तर? पडून राहील नाहीतर."

बायकोनं टेप खाली ठेवली. तिनं फोन उचलला.

"आई, सामान बांधायला घे," ती म्हणाली. "खोली रिकामी झाली."