मेली पण कुजली नाही

मित्रांनो, मी बारामतीच्या एका कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंबाल्याच्या कारखान्यात मी घडलो. इथे आल्यावर बरीच वर्षं मुलांना कांद्याची साल आणि झुरळाचे पाय दाखवले. मुलं हसायची, घंटा झाली की जायची. माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

१९९६ च्या पावसाळ्यात बावड्याहून नकोशीबाई आल्या. त्यांच्या उसाची मुळं हुमणी, म्हणजे मातीतली जाड पांढरी अळी, खात होती. पिवळा पडलेला ऊस हाताने उपटून येत होता. त्यांनी डब्यातून मेलेल्या अळ्या आणल्या होत्या. अळ्यांच्या अंगावर हिरवी पूड होती.

"मॅडम, अळी मेली हाय, पन कुजली न्हाय. खडू झालाय तिचा," त्या आमच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सुकन्या मॅडमना म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी उभ्याउभ्याच पाहिलं. शिळ्या भाकरीवर येते तीच ही बुरशी, अळी आधी मेली आणि ही मागून आली, असं सांगून त्यांनी चिठ्ठीवर 'साधी बुरशी' लिहिलं.

मॅडमचं समाधान झालं नाही. किड्यांना मारणाऱ्या बुरशींच्या कितीतरी जाती असतात. काही पांढऱ्या, काही हिरव्या. एखादी माशीला धरते, एखादी अळीला. नुसत्या रंगावरून ओळखायला गेलं की फसगत होते. बीजाणूंचा आकार पाहावा लागतो. मॅडमनी भाकरीवरची आणि अळीवरची बुरशी दोन काचांवर घेतली, माझा आरसा खिडकीकडे वळवला आणि नकोशीबाईंनाच बसवलं.

बाईंनी एक डोळा मिटला. दोन्ही काचा आळीपाळीने पाहिल्या. मग म्हणाल्या, "पयली मोहरीवानी गोल हाय. दुसरी तांदळावानी लांबट, एकाला एक लावल्याली."

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपण उपयोगाचे आहोत.

पण ही बुरशी निराळी आहे एवढंच ठरलं होतं. अळी तिनेच मारली का? मॅडमनी मातीच्या दोन डब्यांत जिवंत अळ्या ठेवल्या आणि एकाच डब्यात ती पूड मिसळली. नकोशीबाईंचे पती म्हस्कूराव विषारी औषध आणून बसले होते. बाईंनी त्यांना अर्धा एकर तेवढा सोडायला सांगितलं. ते कुरकुरले, पण थांबले.

तिसऱ्या आठवड्यात पूड घातलेल्या डब्यातल्या बहुतेक अळ्या कडक झाल्या. आधी पांढरे धागे फुटले, मग हिरवा रंग चढला. दुसऱ्या डब्यातल्या अळ्या वळवळतच होत्या. विभागप्रमुख या खेपेला खाली बसले, माझ्यातून पाहिलं आणि स्वतःच्या हाताने आपली चिठ्ठी खोडली.

मॅडमनी ती बुरशी शिजवलेल्या तांदळावर वाढवून दिली. बाईंनी शेणखतात कालवून ती त्या अर्ध्या एकरात टाकली. हुमणी संपली नाही, पण पुढच्या साली तिथला ऊस मुळं धरून उभा राहिला. मग निमगाव केतकीहून, जळोचीहून लोक मेलेले किडे घेऊन येऊ लागले. त्यांवरची बुरशी जपून ठेवलेल्या काचनळ्यांची कपाटात रांग लागली.

आता नवं यंत्र आलंय. मी कोपऱ्यात असतो. ओलीमुळे माझ्याच भिंगावर बुरशी चढू लागली होती; मॅडमनी ती हळुवार पुसली. मुलांनो, मला कोरडं ठेवा, एवढंच मागणं. आणि मेलेला किडा फेकण्याआधी जरा वाकून पाहा.

कपाटातल्या पहिल्या नळीवर मॅडमनी लिहिलंय : 'शोधणारी : नकोशी, बावडा.'