गालाचं हाड

कचेरीत माझ्या हाताला मान आहे तो वंशावळींमुळे. जिल्ह्यात कुणी मेलं आणि वारसांची जुंपली की मामलेदार म्हणतात, यज्ञेश्वररावांना बोलवा. कोण कुणाचा, दत्तक कोण, निपुत्रिक कोण, सगळं मी एका कागदावर सरळ रेघांनी मांडतो. बावीस वर्षांत माझी एकही रेघ खोटी निघाली नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. हल्ली सांगत नाही.

सेहेचाळीस साली वडील वारले. काष्टीला ते कुलकर्णी होते आणि जमीनही तिथलीच, तेव्हा या खेपेला वंशावळ माझ्याच घराची काढायची होती. तेरावं झालं आणि काष्टीहून लंकाबाई आली. वडिलांनी तिथे एक बाई ठेवली होती, तिची ही मुलगी. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. तिला जमीन नको होती. तिच्या मुलीचं राहुरीला जमत होतं आणि तिकडची माणसं आईच्या बापाचं नाव कागदावर दाखवा म्हणून अडून बसली होती. दादा, तुमच्या कागदात माझी एक रेघ ओढा, एवढंच तिचं मागणं होतं. मी बघतो म्हणालो. माझ्या इंदूचं संगमनेरला ठरत होतं, आणि तिथले लोकही काही कमी चौकस नव्हते.

त्याच दिवसांत हायस्कुलातल्या सुमंत मास्तरांनी माझ्यामागे टुमणं लावलं. विलायतेला परत निघालेल्या कुणा डॉक्टरसाहेबाने शाळेला कवट्यांची पेटी दिली होती. त्यांची वंशावळ मास्तरांना कापडावर हवी होती. एक कवटी आपल्या चिचुंद्रीची. दुसरी मोलची, म्हणजे विलायतेत जमिनीखाली बोगदे खणत राहणाऱ्या जनावराची. तिसरी डेसमनची, पाण्यात पोहणाऱ्या, लांब शेपटीच्या. मी मास्तरांच्या पुस्तकातली या जनावरांची चित्रं पाहिली आणि डेसमनला बेलाशक चिचुंद्रीच्या घरात घातलं. तसंच नाक, तशीच शेपटी. मास्तर हसले. त्यांनी चिचुंद्रीच्या डोळ्याखालून माझं बोट फिरवलं, तिथे गालाचं हाडच नव्हतं. मोलला होतं, बारीक कमानीसारखं. डेसमनलाही होतं. एक मातीत गेला, एक पाण्यात, पण घर एकच, मास्तर म्हणाले. मी रेघ पुसली आणि डेसमनला मोलच्या शेजारी बसवलं.

रविवारी मी ओसरीवर तेच कापड रंगवत होतो तेव्हा लंकाबाई पुन्हा आली. हे काय म्हणून तिने विचारलं. मलाही मेल्याला सांगायची हौस. हा मातीतला, हा पाण्यातला, दिसायला वेगळे, पण भावंडं आहेत, असं मी तिला समजावलं.

"कशावरनं म्हनता?"

"गालाच्या हाडावरून."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वडिलांची उंच गालफडं माझ्याकडे आली आहेत, आणि ती तिच्याकडेही आहेत. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मग माजं बी हाड बघा की, दादा."

मी कापड गुंडाळलं. आत इंदू होती, तिची आई होती. मामलेदारांपुढे माझा जबाब कालच झाला, असं मी तिला सांगितलं. मयतास माझ्याखेरीज दुसरं अपत्य नाही, असं लिहून दिलं आहे म्हणालो. ती उठली, पदर सारखा केला.

"येते, रावसाहेब."

जबाब दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. मी खोटं बोललो होतो, आणि सोमवारी जाऊन ते खरं करून आलो.

इंदू संगमनेरला सुखात आहे. लंकाबाईच्या मुलीचं राहुरीचं मोडलं, पुढे एका तीन मुलांच्या बिजवराला दिली. पोरगी सतरा वर्षांची होती. मला लाज वाटते, पण ती वाटून कुणाचं काय भलं झालं?

परवा मास्तर आले होते. उन्हाने कापडावरची शाई उडाली, तेवढी डेसमनची रेघ पुन्हा ओढून द्या म्हणाले. मी शाळेत गेलो आणि दिली. हात अजून चांगला चालतो.