शून्याखालचं पाणी

तान्हं मूल उचलावं तशी बाबांनी फ्रीजरमधली बाटली दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि पावलं न वाजवता टेबलापाशी आणली.

"बाबा, मला उशीर होतोय."

"एकच मिनिट. शून्याखाली गेलंय, तरी पाणीच आहे, बघ. त्याला अजून कोणी सांगितलंच नाहीये!"

त्यांनी बाटलीचा तळ टेबलावर हलकेच आपटला. पाण्यातून पांढरं जाळं सरसरत गेलं. बघता बघता बर्फ.

"गोठायला कुठून तरी सुरुवात लागते. ती मिळेपर्यंत बिचारं ताटकळतं. कळलं?"

"कळलं," म्हणत तिने चपला पायात सरकवल्या.

लहानपणापासून ती असंच म्हणत आली होती. पाणी गोठतं कसं, यावर बाबांनी उभा जन्म काढला आणि ते सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. आपलं खोटं पचतंय, असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

माणसं आली, बोलली, गेली. तिला रडू येईना. चहात साखर आहे की नाही, हे घोट घेऊनही तिला समजत नव्हतं.

बाबांचं सामान आणायला ती प्रयोगशाळेत गेली, तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने, आता तिथल्याच प्राध्यापक बाईंनी, तिला थंड पेटीतली पाण्याने भरलेली काचेची नळी दाखवली.

"सरांनीच ठेवलेली. अजून गोठली नाही. पेटीचं बटण बंद करायला कुणाचा हात धजत नाहीये गं."

"हो, बाबांनी सांगितलं होतं मला. कळलं होतं."

बाई हसल्या. "माझ्यापुढे नको हं! सर कपाळाला हात लावून यायचे. 'मुलगी आज पुन्हा कळलं म्हणाली. म्हणजे मलाच नीट कळलेलं नाही.' की पुसला फळा, पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला घाम फुटायचा. आमचे दोन प्रयोग तुझ्या त्या 'कळलं'मधूनच निघालेत."

"त्यांना... माहीत होतं?"

"मान कशी हलवतेस, त्याची नक्कलसुद्धा करायचे."

बाई चहा सांगायला गेल्या. ती स्टुलावर टेकली. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हेही तिला ठरवता येईना. नळीला धक्का लागू नये म्हणून तिने पर्स पोटाशी घट्ट धरली. पाणी अजून पाणीच होतं.

"बाबा," ती म्हणाली. त्या खोलीत तिला स्वतःचाच आवाज मोठा वाटला. "नाही कळलं. परत सांगा ना."