शिंगातल्या सात खुंट्या

त्या शिंगाची भिंत इतकी पातळ तासलेली होती की पलीकडे दिवा धरला की आतून मधासारखा उजेड यायचा. रुंद तोंडापासून चार सेंटिमीटरवर मात्र तो एका आडव्या काळ्या रेषेशी थांबत होता. आत पडदा होता.

"बघितलंस?" दादा दिवा धरून उभा होता. या लहानशा संग्रहालयाची वायरिंग तोच बघतो. "काका, मी म्हटलं होतं ना, आमची बहीण प्रयोगशाळेत असते, ती लावील छडा."

"लावला तर बरं," काका म्हणाले. तिकीट फाडणारे तेच, झाडू मारणारे तेच आणि प्रमुखही तेच. "चिठ्ठीवर 'बंदुकीच्या दारूचं शिंग' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. शाळेची पोरं मलाच विचारतात, मग याला दोन तोंडं कशाला?"

येताना रस्ताभर दादाने वेगळाच प्रश्न लावून धरला होता. बाबांच्या खोलीचा. बाबा शिंगाच्या फण्या करायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली आणि घरामागची त्यांची कामाची खोली तेव्हापासून बंद आहे. वहिनीचा शिवणाचा वर्ग पुढच्या खोलीत पलंगाच्या कडेकडेने चालतो. तिला ती खोली हवी आहे, पण तिने ती एकदाही मागितलेली नाही. मागतो तो दादा, आणि मी दर वेळी "बघू" म्हणते.

खरं कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. प्लास्टिकचे कंगवे आले, बाबांच्या फण्या मोडल्या, हरवल्या. आमच्या घरातसुद्धा एक सबंध उरली नाही. चाळीस वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणून ती खोलीच काय ती शिल्लक होती.

मी दोन्ही तोंडांतून कापसाचा बोळा फिरवला आणि भिंगाखाली धरला. निमुळत्या तोंडातून मोहरीएवढे काळे दाणे आले. रुंद बाजूच्या लाकडी चकतीला भोक होतं, त्यातून पिठासारखी बारीक पूड.

"जाडी दारू बंदुकीच्या नळीत ओतायची," मी म्हटलं, "आणि बारीक बाहेर, ठिणगी पडते तिथे. एरवी त्याला दोन शिंगं लागतात. हे करणाऱ्याने एकातच पडदा घातला."

"म्हणजे आळशी होता," दादा म्हणाला.

"किंवा डोंगर चढत होता," काका म्हणाले.

"आता फुटणार नाही ना गं हे?" दादाने विचारलं.

"तू विडी पेटवली नाहीस तर नाही. काका, प्रश्नचिन्ह खोडा."

काकांनी लगेच पेन काढलं. मी शिंग खाली ठेवणार, तेवढ्यात चकतीच्या कडेला बोटाला काहीतरी टोचलं. चकती सात खुंट्यांनी बसवली होती आणि त्यातली एक सैल होऊन अर्धी बाहेर आली होती. खुंटी लाकडाची असेल असं धरून मी ती चिमट्याने ओढली. ती शिंगाची होती. टोकाला केसाएवढी चीर होती.

बाबांच्या करवतीला दोन पाती होती. लांब पातं फणीची एक फट कापत असताना शेजारचं आखूड पातं पुढच्या फटीची जागा आखून ठेवायचं. शेवटच्या जाड दात्यापुढे कापायचं काही नसे, तरी आखूड पातं आपली चीर पाडूनच जाई. बाकीचे कारागीर ती घासून काढत. आठ वर्षांची असताना मी विचारलं होतं, "बाबा, हे चुकलंय का?"

"चुकलं नाही, कंटाळा आलाय," ते म्हणाले होते. "केसांना काय कळतंय?"

मोडक्या फण्यांचे असले दाते ते खुंट्यांसाठी डब्यात साठवायचे. शिंगाला शिंगाचीच खुंटी, म्हणजे दोन्ही एकदम फुगतात, एकदम आक्रसतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे मी ते पुस्तकात वाचलं तेव्हा मला नवं वाटलं नाही.

"काका, ही चकती कुणी बसवली?"

"पंचवीसेक वर्षं झाली. निघून पडली होती. माझ्या आधीच्या साहेबांनी बाहेरून कुणाकडून तरी करून घेतली. कागद नाही."

मी खुंटी दादाच्या तळहातावर ठेवली. त्याने ती दिव्याखाली फिरवली आणि टोकाची चीर नखाने चाचपली.

"म्हाताऱ्याने घासली नाहीच," तो म्हणाला. "हे काम केल्याचं तुला बोलले होते कधी?"

"नाही. तुला?"

"मला कशाला सांगतायत."

काका आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "ओळखीचं निघालं का काही?"

"आमच्या वडिलांचं काम आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज जरा चढलाच.

"असं? मग चिठ्ठीवर तेही घालू. पण ताई, टिकेल ना? पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत."

मी उरलेल्या सहा खुंट्या एकेक करून दाबून पाहिल्या. एकही हलली नाही. चकती आणि शिंगाच्या मधे नख शिरत नव्हतं. सातवी खुंटी मी परत तिच्या भोकात बसवली, अंगठ्याने दाबली, आणि ती घट्ट आत गेली.

"आपण सगळे जाऊ, तरी हे राहील," मी म्हटलं.

काकांनी शिंग कपाटात ठेवून काच सरकवली. दादा वायर गुंडाळू लागला. मी भिंग पुसून पर्समध्ये टाकलं.

"दादा."

"हं?"

"वहिनीला सांग, खोली तिची. रविवारी आपण दोघं मिळून रिकामी करू."