दावं द्यायचं नसतं

वरकुट्याच्या अप्पांनी आजवर चौदा जनावरं विकली, पण दावं एकाचंही दिलं नाही. गिऱ्हाइकानं आपलं दावं आणावं, जनावराच्या गळ्यात बांधावं, मगच अप्पा आपलं सोडून घेत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते, असं त्यांचा आज्जा सांगायचा, आणि आज्जाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माजघरातल्या खुंटीवर ती चौदा दावी लोंबत होती. त्यांच्या शेजारी एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात अप्पांच्या लेकीची, उत्कर्षाची, दहावीपासून बी.एड.पर्यंतची अस्सल प्रमाणपत्रं.

चार वर्षांपूर्वी तिला कळसला दिली तेव्हा भांडी दिली, कपाट दिलं. पिशवी तेवढी ठेवून घेतली. सासरी कुणी मागितलीही नाही. सुनेच्या शिक्षणाचं कौतुक तिथं होतं, पण लग्नपत्रिकेत नावापुढं छापण्यापुरतं.

आता बारामतीच्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. नवरा, दिग्विजय, एकदाचा हो म्हणाला होता आणि त्याचा विचार बदलायच्या आत नेमणूक व्हायला हवी होती. उत्कर्षा धावत माहेरी आली.

"झेरॉक्स ने की," अप्पा म्हणाले.

"त्यांना अस्सल बघायचीत, अप्पा."

"मग म्या येतो संगं. दावू अन् माघारी आणू."

"कागद माझं हायत."

"व्हय, तुझंच. म्हणून तर जपल्यात."

दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीनं बारामतीला गेले. पिशवी अप्पांच्या मांडीवर.

शाळेनं तिला सातवीच्या वर्गावर पाठ घ्यायला लावला. बांधून ठेवण्याचे इंग्रजी शब्द, आणि ते माणसांना कसे लावतात. उत्कर्षाला हसू आलं. हे तर घरचंच. टेदर म्हणजे दावं, मझल म्हणजे मुसकं, योक म्हणजे जू. गाय दाव्याच्या टोकापर्यंतचं सगळं गवत खाते, पुढचं तिला दिसतं पण तोंड पोचत नाही. माणसाचा धीर संपला की इंग्रज म्हणतो, मी दाव्याच्या टोकाला आलो. खरं बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं की म्हणतो, त्याला मुसकं घातलं. पोरं खूश. छकुली नावाच्या मुलीनं हात वर केला.

"टीचर, आमची गाय दावं सुटलं तरी तिथंच उभी राहते. ती का पळत नाही?"

"पुढच्या तासाला सांगते," उत्कर्षा म्हणाली. चार वर्षांत ती इतकी सुखात नव्हती.

मुख्याध्यापिका अनिता मॅडमही खूश होत्या. "सोमवारपासून या. फक्त अस्सल कागद तीन वर्षं शाळेकडे राहतील. काय आहे, शिक्षिका मध्येच सोडून जातात."

अप्पांनी पिशवी पोटाशी धरली. "न्हाय जमायचं. दावं आमी देत नसतो. तुमचं तुमी बांधा."

मॅडमना काही कळलं नाही. "काका, सगळ्यांचेच ठेवतो आम्ही. बरं, दोन वर्षं."

"एक दिस न्हाय."

बैलबाजारात असाच सौदा चालतो. बोटांनी भाव ठरवताना हातांवर टाकतात तो रुमाल तेवढा नव्हता. "मॅडम, कागद माझे आहेत, मी ठरवते," उत्कर्षा म्हणाली. जनावर हंबरल्यावर गिऱ्हाईक आणि मालक बघतात, तसं दोघांनी तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आपलं बोलणं धरलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी मॅडम उठल्या. "चारपर्यंत कागद जमा केलेत तर जागा तुमची. यादीत दुसऱ्या बाई आहेत."

स्टँडवर आले तेव्हा तीन वाजले होते. "रस आणतो. ही धर जरा," म्हणत अप्पांनी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि ते गुऱ्हाळाकडं गेले. शाळा दहा मिनिटांवर. अप्पांची पाठ तिच्याकडं.

ती उठली. चार पावलं गेलीही. आणि तिला घरची गाभण गाय आठवली. महिन्यावर आली होती. तिला काही झालं तर? पाऊस पडला नाही, ऊस वाळला, अप्पांना ताप आला, तरी गाव म्हणणार, लेकीनं दावं नेलं. एम.ए., बी.एड. बाईचा यावर काडीचा विश्वास नव्हता. भीती मात्र होती. स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता.

अप्पा रस घेऊन आले तेव्हा ती बाकावर बसलेली होती.

"दे हिकडं," ते म्हणाले. तिनं पिशवी दिली.

एसटी सुटली. अप्पांनी पिशवीचे बंद मनगटाला दोन वेढे देऊन घेतले. "पाठ झ्याक घेतलास म्हनं. दाव्याला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

"टेदर."

"टेदर," त्यांनी कौतुकानं घोळवून म्हटलं आणि डोळे मिटले.

उत्कर्षा बाहेर बघत राहिली. छकुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिला आता नीट सांगता आलं असतं. पण पुढचा तास दुसऱ्या बाई घेणार होत्या.