सर्वमंगलाचं ‘छान’

या, असे जवळ सरका. बंगळुरूच्या वसुधा हेब्बारची गोष्ट सांगते. खरं ठाऊक असून तिच्या ओठांवर कसं अडकलं, त्याची.

जयनगरातल्या तिच्या लहानशा कंपनीत म्हाताऱ्या माणसांसाठी औषधं मागवायचं ॲप तयार होत होतं. मालक उदयसरांनी एक ऑनलाइन सेवा फुकट आजमावायला घेतली होती. त्या सेवेची माणसं घरी बसून ॲप वापरत, वापरता वापरता ते कसं वाटतं ते बोलत. त्यांना पैसे मिळत, कंपनीला त्यांचे व्हिडिओ. फुकटाची मुदत त्या दिवशी संपत होती. पैसे भरून सेवा घ्यावी की नको, हे वसुधाने संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

सगळे व्हिडिओ तरण्या पोरांचे. शेवटचा लावला, तर समोर म्हैसूरची सर्वमंगला चिक्कम्मा, आईची धाकटी बहीण! ॲप कुणाचं हे तिच्या गावीही नव्हतं. चष्मा पुसत पुसत तिने बीपीच्या गोळ्या सोडून भलत्याच मागवल्या आणि हसून म्हणाली, “छान आहे हो, अगदी सोपं.”

वसुधाने जिन्यात जाऊन फोन लावला. चिक्कम्मा मुळीच ओशाळली नाही.

“अगं, ज्याच्या पानावर बसावं त्याच्या सांबारात मीठ कमी म्हणू का?”

मग तिचा आवाज उतरला. नवरा गेल्यापासून वातीच्या तुपालासुद्धा मुलापुढे हात पसरावा लागे. यंदाची गौरी तिने या व्हिडिओंच्या, स्वतःच्या कमाईतून पुजली होती. “देवीसमोर पहिल्यांदा ताठ बसले गं.”

तोंडदेखलं बोलणारा सापडला की त्याचं नाव कापायचं, ही त्या सेवेची अट. व्हिडिओ दाखवावा तर चिक्कम्माची गौरी जाते, न दाखवावा तर उद्या कुणा म्हातारीच्या पोटात भलती गोळी.

संध्याकाळी ती म्हणाली, “सर, नका घेऊ. तिथे सगळे गोड बोलतात. आपल्या ॲपमध्ये माणूस चुकतो, मी पाहिलंय.”

“कोण चुकलं? दाखव की.”

तिने मनात नारायण म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. सर हसले. सगळे छान म्हणतात, आणि हिलाच खुपतं!

त्यांनी पैसे भरले आणि सेवा सांभाळायचं काम तिच्याच गळ्यात घातलं. आता चिक्कम्मा पडद्यावर छान म्हणते, आणि त्या व्हिडिओखाली ‘पाहिले’ असं वसुधालाच लिहावं लागतं.

मायबापहो, तुमचं कुणी तोंडभर कौतुक केलं, तर गौरीसमोर ताठ बसलेल्या त्या माउलीची एकदा आठवण करा.